आधी आवाज काढून दाखवा

मिस्त्रींच्या अंगणात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्याहून डॉक्टर होऊन नुकतीच मालवणात आले होते आणि लोकांनी आपल्याशी जरा अदबीने वागावं, अशी माझी फार अपेक्षा असे. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्या मागे उभ्या असलेल्या जीपकडे पाहत होते.

"काय होता तिका?"

"ब्रेक दाबला की आवाज येतो," मी म्हणाले.

"कसो?"

"काहीतरी घासल्यासारखा. मला वाटतं, ब्रेकचं..."

"तुमका काय वाटता ता नको. आवाज तोंडान काढून दाखवा."

मी आमच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. जानू माझ्याच वयाचा, दोन मुलांचा बाप, एरवी तोंडाला खळ नसलेला. पण त्या क्षणी तो माडाच्या शेंड्याकडे इतक्या एकाग्रतेने बघत होता, की यातून सुटका नाही हे मला कळलं. मी पदर सावरला, दात आवळले आणि घशातून "क्रीऽऽच" असा आवाज काढला. अंगणातल्या कोंबड्या लांब पळाल्या. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते.

"ह्यो तुमचो आवाज," ते म्हणाले. "गाडयेचो काढा."

दुसऱ्या खेपेला मी लाज सोडली. मिस्त्रींनी डोळे उघडले. "हां. फुडचा उजवा चाक. खडो अडाकलो."

चाक काढलं तर आत खरोखरच बोराएवढा लाल खडा. तो त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि ते हात धुवायला निघून गेले.

"वायट वाटून घेव नको, बाईनू," परतीच्या वाटेवर जानू म्हणाला. "पयल्या दिवशी सगळ्यांची हीच गत होता."

ते खोटं नव्हतं. मालवणातले एक नावाजलेले वकील, ज्यांच्यापुढे साक्षीदार चळचळा कापत, त्यांना मी त्या अंगणात कोट काढून "गुर्र गुर्र टक, गुर्र गुर्र टक" करताना पाहिलं आहे. कुणकेश्वरकडच्या एका भटजींकडे मोटारसायकल होती. ते आवाज असा सुरात काढत, की मिस्त्री मान डोलावत आणि म्हणत, "वाणी एकदम शुद्ध. भटजींचा काम करूक त्रास नाय." काय बिघडलंय हे मात्र कुणीही सांगायचं नाही. कुणी "गिअर गेलाय" म्हणालाच, तर मिस्त्री पाना खाली ठेवत. "तुमका ठावक आसा तर तुमीच करा."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. गावातही ते कुणी घेत नसे, सगळे मिस्त्रीच म्हणत. बावीस वर्षं ते बोटीवर होते, इंजिनखोलीत तेलवाले म्हणून. फिरत्या दांड्यांच्या मध्ये हात घालून तेल सोडायचं आणि कुठला आवाज बदलला ते ध्यानात ठेवायचं, एवढंच काम. बोटीवरची नोकरी सुटल्यावर त्यांनी मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, माडांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे साध्या खोपटात, दुकान थाटलं. वर झावळ्यांचं छप्पर, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि भिंतीवर पाने मापाप्रमाणे असे टांगलेले, की आमच्या ऑपरेशनच्या खोलीने लाजावं. कमरेला पंचा आणि अंगात बोटीवरचा निळा डगला, एकही बटण नसलेला. हातात शिसवी काठी. काठीचं एक टोक यंत्रावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, की ते गेलेच. मग कुणी हाक मारा, नाही तर भूकंप होऊ दे.

समुद्र दुकानापासून फार लांब नव्हता, आणि त्याचा त्यांना मनापासून राग होता. बावीस वर्षं त्याच्यावर काढलेला माणूस, पण उधाणाच्या दिवसांत लाटांचा आवाज बागेत भरला, की ते दुकान बंद ठेवत. "आज तो बोलता," असं म्हणत. घाई असलेल्या माणसाला ते गाडीसकट वर सड्यावर नेत. आमच्याकडचा सडा म्हणजे मैलच्या मैल पसरलेला काळा-तांबडा कातळ, झाड नाही की घर नाही. तिथे उभं राहिलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. गाडीतल्या सगळ्यांना ते गप्प बसवत. एकदा एका बाईंनी बांगड्या काढून रुमालात बांधल्या होत्या.

मी त्यांच्याकडे वरचेवर जाऊ लागले. जीपची कामं निघत, हे एक कारण. ती लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी होती, चारही चाकांना जोर देणारी, आणि आमच्या संस्थेचा फिरता दवाखाना तिच्यावरच चालायचा. पण खरं कारण वेगळं होतं. दिवसभर चाळीस-पन्नास रोगी बघून, सगळ्यांचं अर्धंमुर्धं ऐकून मी थकलेली असे. एखाद्या गोष्टीचं पूर्ण ऐकून घेणारा माणूस नुसता बघायलाही मला बरं वाटायचं. मिस्त्रींची बायको पेज आणून द्यायची. मी कोपऱ्यातल्या टायरवर बसून ती प्यायची. बोलणं असं नसायचंच.

एकदाच ते भरभरून बोलले. श्रावणातली दुपार होती, नारळी पौर्णिमेच्या आसपासची. जीप मांगरात उभी होती आणि ते खाली पाठीवर पडून पुढच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, शाफ्ट, ग्रीस भरून परत बसवत होते. मी सहज विचारलं, "मिस्त्री, एडनला फार गरम होतं का हो इंजिनखोलीत?"

काय झालं कोण जाणे, गाडीखालून आवाज येऊ लागला. त्यांच्याबरोबर देवगडकडचा एक जोडीदार होता. एडनच्या अलीकडे उष्म्याने तो खाली कोसळला आणि तिथेच गेला. त्याला समुद्रात सोडलं. त्याची पत्र्याची पेटी घरी पोचवायचं काम मिस्त्रींकडे आलं. चार महिने ती पेटी त्यांच्या बिछान्याशी होती. "माका वाटायचा, पेटयेत कायतरी वाजता," ते म्हणाले. "रोज कान लावून बघी होतंय." देवगडला त्याच्या आईच्या दारात ते पोचले, इथपर्यंत गोष्ट आली आणि जानू जेवून परतला. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, म्हणाले, "झाला. जावा." पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

दिवाळी उलटली आणि जीपला तो आवाज लागला.

खाडीवरून वर येणाऱ्या लांब घाटीत खडी सैल झाली होती. जानूने चारही चाकं लावायचा खटका ओढला, गाडीने वेग घेतला, आणि पायांखालून आवाज सुरू झाला. "ऊंऽऽ... ऊंऽऽ... ऊंऽऽ", लाटेसारखा चढणारा आणि ओसरणारा. तळपायाला मुंग्या येत होत्या. माथ्यावर जानूने खटका सोडला, तशी गाडी शांत झाली. एरवी आम्ही चारही चाकं फक्त चिखलात आणि वाळूत लावत असू, तीही गोगलगायीच्या चालीने. म्हणून हा आवाज कधी सुरू झाला, ते आमच्या ध्यानातच आलं नाही.

मी मिस्त्रींकडे जाऊ म्हणाले. आमच्या संस्थेचे चिटणीस म्हणाले, "डॉक्टरीणबाई, मोठं दुखणं मोठ्या ठिकाणी दाखवावं. तुम्ही स्वतः रोग्यांना तेच सांगता ना?" गाडी कोल्हापूरच्या एका कारखान्यात गेली. बारा दिवसांनी मागच्या आसाची दातेरी चक्रं बदलून परत आली. घाटीत पुन्हा "ऊंऽऽ". पुन्हा कोल्हापूर, या वेळी गिअरबॉक्स उघडला. पुन्हा "ऊंऽऽ". मग कारखान्याचं पत्र आलं, की ड्रायव्हर चांगल्या रस्त्यावरही विनाकारण चारही चाकं लावून गाडी हाणतो, त्यामुळे आतलं सगळं झिजलं आहे, आमचा इलाज नाही.

चिटणिसांनी जानूला घरी बसायला सांगितलं. त्याला काढायचं की ठेवायचं, हे शनिवारच्या बैठकीत ठरणार होतं. जानू सकाळीच माझ्या दारात आला. पायरीवर बसला, वर येईना.

"बाईनू, मी गाडी कशी चालवतंय ता तुमी तीन वर्षां बघतास."

"बघते."

"मगे सांगा तेंका."

मी सांगितलं होतं. चिटणीस हसून म्हणाले होते, "तुम्हाला रोगी कळतात, बाई. गाडी कळते का?"

गाडी गॅरेजात पडून होती. मी कुणाला न विचारता ती काढली. जानूनेच मला वर्षभरापूर्वी सड्यावर गाडी शिकवली होती. आचरा रस्त्याला पदर खोचून जीप हाकणारी बाई बघायला लोक कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढले. मिस्त्रींच्या अंगणात मी इंजिन बंद केलं आणि त्यांनी विचारायच्या आत तोंड उघडलं. "ऊंऽऽ... ऊंऽऽ... ऊंऽऽ."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "परत."

मी परत काढला.

"सड्यार चला. काठी घेतंय."

त्या दिवशी आम्ही सड्यावर सकाळपासून उन्हं कलेपर्यंत होतो. जीपच्या पोटातून दोन लांब दांडे निघतात. एक मागच्या चाकांना फिरवतो, दुसरा पुढच्या. मिस्त्री गाडीत आडवे झाले, काठी तळाच्या पत्र्यावर, कान काठीला, आणि मी गाडी चालवत राहिले. जोरात, हळू, चारही चाकं लावून, दोनच लावून. ते फक्त हाताने खुणा करायचे. मग त्यांनी गाडी थांबवली.

"बाईनू, एका घरात भांडणाचो आवाज येता. भांडता कोण ता कळणा नाय. तर सगळ्यांका धरून मारूचा काय?"

"नाही."

"एकेकाक भायर काढूचा. जो भायर गेल्यार घर गप झाला, तोच तो."

त्यांनी गाडीखाली शिरून मागचा दांडा काढला आणि बाजूला ठेवला. आता गाडी फक्त पुढच्या चाकांवर ओढली जात होती. मी वेग घेतला आणि असा आवाज झाला, की सड्यावरच्या टिटव्या उडाल्या. मिस्त्रींचा चेहरा खुलला. मग त्यांनी मागचा दांडा परत बसवला, पुढचा काढला. मी पुन्हा गाडी पळवली. काही नाही. नुसतं इंजिन आणि वारा. मी आनंदाने ओरडणार होते, पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढचा दांडा त्यांनी कातळावर ठेवला, रॉकेलने धुतला. सांधे हाताने फिरवून पाहिले. ठीक होते. दांडा दोन तुकड्यांचा असतो, एक दुसऱ्यात सरकतो. त्या जोडावरचं जुनं ग्रीस आणि माती त्यांनी चिंधीने पुसायला घेतली. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी दाखवलं. दोन्ही तुकड्यांवर एकेक बारीक बाण कोरलेला होता. एक वर होता, दुसरा खूपच बाजूला.

"हे दोन बाण समोरासमोर येवक व्हयेत," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरले, मग एक थोडा वळवला. "असा बसला तर एक टोक एका तऱ्हेन फिरता, दुसरा दुसऱ्या. जोर पडलो की भांडतत."

"म्हणजे काहीच झिजलेलं नाही? जानूची काही चूक नाही?"

"नाय."

"मग कुणी बसवला असा?"

ते काही वेळ चिंधी पिळत राहिले. "मीच. श्रावणात."

मला एडन आठवलं. गाडीखालून येणारा तो आवाज आठवला, टायरवर बसून ऐकणारी मी आठवले. काम करताना कुणालाही बोलू न देणारा हा माणूस एकदाच बोलला होता, आणि ते मी विचारलं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्या दुपारचा उल्लेखही केला नाही.

मग मी जे म्हणाले ते लिहायला मला आजही जड जातं. मी म्हणाले, "मिस्त्री, आता नीट जोडा. आवाज गेला की झालं. कुणाला काय कळतंय?"

"आवाज गेलो म्हणान जानू सुटणा नाय, बाईनू," ते शांतपणे म्हणाले. "ते म्हणतले, जानून बिघडवल्यान आणि मिस्त्र्यान सारक्या केल्यान. माझी वाहवा होतली. तो घराकच रवतलो."

शनिवारी ते बैठकीला आले. न्हाऊन, पांढरा सदरा घालून, खांद्यावर तो शाफ्ट. पुन्हा श्रावणातल्यासारखाच चुकीचा जोडून आणला होता. चिटणिसांच्या चकचकीत टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर शाफ्ट ठेवला. पाच-सहा प्रतिष्ठित माणसं खुर्च्या मागे सरकवून बसली.

"ह्या काम माझा," मिस्त्री म्हणाले. "मी चुकीचा बसवलंय. जानूची चुकी नाय."

चिटणीस म्हणाले, "अहो, पण कोल्हापूरच्या लोकांनी तर..."

"तेंचा तेंका ठावक. माझा मी सांगतंय."

"तुमच्यासारख्या अनुभवी माणसाकडून अशी चूक कशी होते?"

मी तिथेच बसले होते.  मिस्त्री म्हणाले, "ध्यान नव्हता." एवढंच. मग त्यांनी दांडा उघडला, बाण समोरासमोर आणले, जोडला, बाहेर जाऊन गाडीखाली बसवला आणि परत येऊन म्हणाले, "गाडी भायर आसा. कोणी तरी बसा. घाटी चढून येवया."

चिटणीस स्वतः बसले. दाराशी थांबलेल्या जानूने गाडी चालवली. घाटीत चारही चाकं लावली, वेग घेतला, आवाज आला नाही. परत आले तेव्हा जानूचे डोळे लाल होते आणि चिटणीस खिडकीबाहेर पाहत होते.

जानूला परत घेतलं. त्याच बैठकीत ठरलं, की यापुढे संस्थेची गाडी मिस्त्रींकडे द्यायची नाही. मी विरोधात बोलले, एकटीच. मिस्त्रींना मी ते सांगायला गेले तर त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. उलट त्यांनी नवंच खूळ काढलं. जो कोणी गाडी घेऊन येई त्याला आधी उभं करून सांगत, "थांबा. दवाखान्याच्या गाडयेचो शाफ्ट मी चुकीचो बसवललंय. ऐकून घेवा, मगे गाडी देवची तर देवा." वकील हसले आणि गाडी देऊन गेले. भटजी दोन महिने आले नाहीत. पुष्कळजण पुन्हा आलेच नाहीत. 'मिस्त्र्याचे कान गेले' असं बाजारात बोलू लागले. मिस्त्रींची बायको मला म्हणाली, "गावभर कित्याक सांगूक व्हया, तुमीच सांगा. विचारल्यान कोणी?" मी पेजेची वाटी तशीच ठेवून उठले.

मलाही कुणी विचारलं नव्हतं.

त्याच्या दोन वर्षं आधी आचऱ्यात एक पोरसवदा बाई दवाखान्याच्या दिवशी आली होती. नवरा रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, मासे ओढणारा. तोच तिला हाताला धरून घेऊन आला होता. अंगात ताप, पोटात दुखत होतं. रांग मोठी होती, तापाचे दिवस होते, मी सगळ्यांना हिवतापाचं औषध देत होते. तिच्या पोटावर मी हात ठेवला तो पातळावरूनच. कोयनेल दिलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. चौथ्या दिवशी तिला डोलीतून आणली तेव्हा पोट लाकडासारखं झालं होतं. आत आतडं फुटलं होतं. आम्ही जीपमधून कोल्हापूरला निघालो. घाटात ती गेली. नवऱ्याने मला विचारलं, "बाईनू, मी आणलेलंय ना वेळेर?" आणि मी, पांढरा कोट घातलेली, म्हणाले, "उशीर झाला तुम्हाला."

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. शाफ्टच्या त्या शनिवारनंतर मला नीट झोप येईनाशी झाली. तीन आठवडे मी टाळलं. मग एका सकाळी आचऱ्याचा दवाखाना आटोपल्यावर जानूला गाडीत थांबायला सांगितलं आणि किनाऱ्यावर त्या पोरीच्या नवऱ्याच्या खोपीकडे चालत गेले. तो जाळं तुणत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुम्ही वेळेवर आणलं होतं. मी नीट तपासलं नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

त्याचे हात थांबले नाहीत. जाळं तुणतच तो म्हणाला, "दोन वर्षां."

"हो."

"दोन वर्षां माका वाटता, आदल्या दिवशी होडी सोडून तिका आणली असती तर."

 त्याने जाळं खाली ठेवलं. मला वाटलं, आता तो मला शिव्या देईल, आणि मला ते हवंही होतं. पण तो म्हणाला, "माका सांगून काय उपेग? माझ्या सासूक सांगा. तिना माझ्या दारात पाय ठेवूक नाय तेव्हापासून. म्हणता, माझ्या चेडवाक ह्येना मारल्यान."

सासू त्याच वाडीत राहायची. तो पुढे, मी मागे. त्याने अंगणाबाहेरूनच हाक मारली आणि लांब उभा राहिला. म्हातारी मासे खारवत होती. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. पहिल्यापेक्षा ते कठीण गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मिठाने भरलेले हात तसेच. मग तिने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"रे," ती जावयाला म्हणाली, "भायर कित्याक उबो? येवन बस."

मला मात्र तिने बस म्हटलं नाही. मी तिथून निघाले. तिने मला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर आचऱ्याच्या रांगेत ती दोनदा दिसली. एकदा तिने माझ्याकडून औषध घेतलं, एकदा मला बघून परत फिरली.

हे सगळं मला मिस्त्रींना सांगायचं होतं. तुमच्यामुळे मी एक गोष्ट केली, एवढं तरी सांगायचं होतं. पण गेले की ते काठीला कान लावून बसलेले असत, आणि मी टायरवर बसून पेज पिऊन परत येई. मग पुण्याच्या मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं. निघण्याची घाई झाली. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता मी गेलेच.

पुण्यात मोठ्या मोटारी होत्या, मोठे कारखाने होते. आवाज काढून दाखवा असं कुणी म्हणालं नाही. मी रोग्यांना म्हणायला लागले, "काय होतंय असं वाटतं ते राहू दे, नुसतं कसं दुखतं ते सांगा." माझ्या हाताखालच्या मुली हसायच्या. त्या कुठल्या मांगरातून आलेल्या वाक्यावर हसत होत्या, ते त्यांना कधी कळलं नाही. कधीकधी दुपारच्या वेळी मला त्या टायरवर जाऊन बसावंसं इतकं वाटायचं, की मी रजेचा अर्ज लिहायला घ्यायची आणि फाडायची.

शेवटी सात वर्षांनी गेले. कणकवलीला एसटी बदलली, मालवणहून आचऱ्याची गाडी धरली आणि मधेच उतरून बागेत शिरले. मांगर तसाच होता, पाने भिंतीवर होते, पण त्यांच्यावर धूळ होती. मिस्त्री बाहेर बाकावर बसले होते, डोक्यावरचे केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं आणि उठून उभे राहिले. ते माझ्यासाठी कधी उभे राहिले नव्हते.

त्यांची बायको बाहेर आली. "तेंका ऐकाक येणा नाय," ती म्हणाली. "दोन वर्षां झाली. दोनय कान गेले. काठीयेचा काय उपयोग नाय आता."

"अगदीच नाही?"

"ढोल वाजवलास तरी नाय. पण बसा, बोला. लोक येतत, बोलतत. जानू तर येवन तासभर बोलता."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. पुण्यापासून मनात जुळवत आणलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी आपली पहिल्यापासून सांगत गेले. आचऱ्याची ती पोर, पातळावरून टेकवलेला हात, घाटातलं ते माझं वाक्य. मग जाळं तुणणारा नवरा, मिठाने भरलेले हात, "येवन बस." सांगताना मध्येच रडले, पुन्हा सांगितलं. किती वेळ गेला कळलं नाही. सावली बाकापाशी आली होती.

मी थांबले. मिस्त्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात बायकोला म्हणाले, "बाईंका जेवूक वाढ. लांबसून इली हत."

मी जेवले. सुरमईचं कालवण होतं, सोलकढी होती. ते समोर बसून माझ्या ताटाकडे लक्ष ठेवत होते. भात संपला की बायकोला खूण करत होते. चारच्या गाडीला ते मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि गाडी सुटेपर्यंत उभे राहिले.

मी काय सांगितलं ते त्यांना कळलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण मी सांगत होते तेवढा वेळ त्यांनी एकदाही माझ्या चेहऱ्यावरून नजर काढली नव्हती.